जेवताना बोलू नये

गुरुजी,

तुमच्या दरबारात एक गंभीर तक्रार गुदरायची आहे. माझ्या घरात जेवणाचं टेबल आलं, चार खुर्च्यांसकट, मुलीच्या कृपेनं. चोपन्न वर्षं पाटावर मांडी घालून जेवलेल्या माणसाला आता पाय लोंबकळत ठेवून अन्नग्रहण करावं लागतं. खुर्चीवर मांडी घालायला गेलो तर गुडघा फळीवर आपटतो. टेबलाच्या काचेवर चित्राहुती घातल्या की मुलगी फडक्यानं पुसून टाकते. शास्त्रात याला काय प्रायश्चित्त सांगितलंय, ते तुम्हालाच ठाऊक.

टेबल आलं, कारण येत्या गुरुवारी वर्ध्याला जाऊन मी लग्न करतो आहे. सह्यांचं. पत्नी जाऊन पाच वर्षं झाली. ज्यांच्याशी करतोय, त्या हिंगणघाटच्या एका शाळेत ग्रंथपाल आहेत, त्याही एकट्याच. तुमच्या सगळ्यांत कर्मठ विद्यार्थ्याची सोयरीक त्याच्या लेकीनं जुळवली, हसून घ्या.

मागच्या रविवारी त्या जेवायला आल्या. वांग्याची भाजी त्यांनीच केली आणि माझ्या पहिल्याच घासाला विचारलं, "कशी झाली?" माझा डावा हात आपोआप वर गेला, बोट उभं. नाचणगावच्या तुमच्या स्वयंपाकघरात तुमचं जायचं तसंच. मी दहा वर्षांचा आहे, तुमच्या पंगतीला पहिल्यांदाच बसलोय, आणि घास तोंडात ठेवून शाळेतली गंमत सांगतोय. तुम्ही बोट उभं करता. आचवून झाल्यावर म्हणता, "जेवताना बोलू नये. अन्नाकडे लक्ष दे." शब्दरूपं पुष्कळ विसरलो, हे नाही विसरलो.

तर रविवारी मी ताट संपवलं, आचवलो, हात पुसले आणि म्हणालो, "भाजी उत्तम." त्या तोवर ओटा पुसत होत्या. म्हणाल्या, "तुमचं उत्तर टपालानं येते काय जी?" मुलगी हसली, मीही हसलो. पण मग जुनं आठवलं. मुलीच्या आईनं असं विचारणं लग्नाच्या पहिल्याच वर्षात सोडून दिलं होतं. नळ आला नाही, माहेरी कापूस वेचायला बाया मिळेनात, असं काही ती सुरू करी आणि माझं बोट वर जाई. पुढे ती आपलं ताट घेऊन रेडिओजवळ बसू लागली. मला वाटलं, व्रत तिलाही पटलं.

ती गेली तेव्हा तुमच्या घरून काकू भेटायला आल्या होत्या. तुमच्या माघारी थकल्या होत्या, जीभ मात्र तीच. शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं मी मुकाट जेवत होतो. आचवल्यावर म्हणाल्या, "घरात पोरगी रडून राह्यली, अन् तू जेवताना एक शब्द नाई बोलला. काऊन रे?" म्हटलं, "गुरुजींचा नियम." त्या म्हणाल्या, "अरे, तो तुमच्यासाठी होता. तुमी पोट्टे लय कलकल करा म्हणून. तुमी घरी गेले का ते माह्यासंगं बसत जेवाले. इतकं बोलत का भाकर थंडी होऊन जाये."

गुरुजी, एवढं मला सांगायला काय झालं होतं? चोवीस वर्षांचा माझा संसार त्या एका बोटावर गेला.

सोमवारपासून सराव करतो आहे. समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगतो, "आज ऊन फार आहे." पाठ तिथेच संपतो. पुढचं वाक्य शोधता शोधता घास हातातच राहतो. फोनवर त्यांना म्हणालो, मी शिकेन. त्या म्हणाल्या, "त्यात शिकाले काय लागते?"

त्यांना सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगतो. शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात, पत्नीला सलाईन लावलेली होती. ती म्हणाली, "आता तर मी जेवत नाई, तुमीबी जेवत नाई. आता तरी बोला काही." मी स्टूल जवळ ओढलं. दुपार सरली. मला काही सुचलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुमच्या नियमाचा आडोसा मला बरा पडत होता, हे तुम्ही दोन ओळींत ओळखलं असतं. गुरुवारनंतर त्या रोज समोर बसतील, काहीतरी विचारतील, आणि माझ्या आत बोलण्यासारखं काहीच नसेल, याची मला भीती वाटते.