माझ्या माश्या असं करणार नाहीत

२ मार्च, सकाळी
संकल्प: यंदा यांच्या पेटीतली एकही मधमाशी घर सोडून जाणार नाही. हे गेले त्याला येत्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. त्यांचं म्हणावं असं घरात जिवंत आता एवढंच.

लायब्ररीतून पुस्तक आणलं. दीड प्रकरण वाचलं, सगळं समजलं. लोक उगीच बाऊ करतात. पेटीत गर्दी झाली की माश्या नव्या राणीसाठी शेंगदाण्याच्या टरफलासारखी कोठी बांधतात. मग जुनी राणी अर्धा संसार घेऊन निघून जाते. कोठीच मोडली तर नवी राणी नाही, आणि नवी आली नाही तर जुनी जाईल कशाला? दर आठवड्याला पेटी उघडायची, कोठ्या मोडायच्या. झालं मॅनेजमेंट.

नणंदेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, दादा पेटी उघडायचा तेव्हा तू बाथरूममध्ये कडी लावून बसायचीस. मी म्हटलं, तेव्हा माझं वाचन कमी होतं.

९ मार्च
तीन कोठ्या मोडल्या. नखाने. 

पुस्तक म्हणतं, पोळं बांधलेली प्रत्येक चौकट झटकून माश्या खाली पाडा, मगच त्याचे कोपरे दिसतात. हे मला पटलं नाही. कुणाच्या घरात शिरायचं आणि वर त्यांनाच झटकायचं? मी चौकट उचलली, जरा सरकता का म्हटलं, दिसलं तेवढं पाहिलं. चांगलं बोललं की कामं होतात.

१६ मार्च, दुपारी
पेटीच्या दाराबाहेर माश्यांचा घोस लोंबतोय, दाढीसारखा. मला भेटायलाच बाहेर आल्या. किती लळा.

पुस्तकाच्या मते हे गर्दीचं लक्षण, ताबडतोब वर रिकामा डबा चढवा. डबा आहे माळ्यावर, पण रिकामा नाही. त्यात यांचे स्वेटर आहेत. पुस्तकं काय, सगळ्यांसाठी लिहिलेली असतात.

१९ मार्च
मोठा दिवस. शेजारी दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्यांच्या पाटीवर प्लास्टिकची भली मोठी दाढ आहे. आज त्या दाढेवर माश्यांचा थवा येऊन बसला. पेशंट बाहेर, अर्धी तोंडं बधिर, सगळे वर बघतायत. डॉक्टरांनी हौसेने पेटी आणून ठेवलीय, पण माशी एकही नव्हती. मला बघून म्हणाले, काकू, काहीतरी सांगा. सांगितलं. स्टुलावर त्यांना चढवलं, खाली खोका मी धरला. दाढेला एक धक्का, अख्खा थवा धप्पकन खोक्यात. पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. एकाला टाळ्या येत होत्या, हसू येत नव्हतं.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, काकू, तुमच्या तर नाहीत ना? मी म्हटलं, माझ्या माश्या असं करणार नाहीत. कुणातरी निष्काळजी माणसाच्या असतील. थवा ज्याने धरला त्याचा, हा नियम आहे, निर्धास्त ठेवा. वर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. स्वतःचा आवाज ऐकून मलाच बरं वाटलं.

२० मार्च
आमची पेटी उघडली. काय शांतता, काय ऐसपैस. एवढी गर्दी होती, ती वाचनाने कमी झाली.

माश्या विरळ म्हणून कोपरेही दिसले. एका कोपऱ्यात एक कोठी राहून गेली होती, चांगली मोठी, तोंड बंद केलेली. मोडली. आता धोका कायमचा संपला. आनंदात दोनदा चहा घेतला.

२४ मार्च
डॉक्टर आले. बसा म्हटलं तरी उभेच. मोबाइलवर फोटो दाखवला, त्यांच्या पेटीतली राणी. पाठीवर पांढरी खूण. मी म्हटलं, व्हाइटनर लावतात पुष्कळ लोक, ओळखायला. ते म्हणाले, हो काकू, पण ही स्वल्पविरामासारखी आहे.

शेवटी शेवटी यांचा हात थरथरायचा. राणीला ठिपका द्यायला गेले आणि ओघळला. मीच हसले होते तेव्हा.

डॉक्टर म्हणाले, आत्ता आणून देतो. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, शिवाय आमच्याकडे त्यांना अडचणच होत होती, मी जाऊ दिलं.

ते गेल्यावर पुस्तकाचं उरलेलं प्रकरण वाचलं. जुनी राणी गेली की मागच्यांची सगळी भिस्त त्या बंद कोठीवर. पेटी उघडून पाहिली. एक अंडं नाही.

नणंदेला सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. मग म्हणाली, वहिनी, आता तरी कुणाला तरी विचार.

२६ मार्च
दवाखान्यात गेले. रांगेत बसले, नंबर आला. डॉक्टरांनी सवयीने खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर आणला, विचारलं, कुठे दुखतंय? आडव्यानेच सांगितलं. तुमच्या पेटीतली अंड्यांची एक चौकट द्या. त्या अंड्यांतून आमच्या माश्या नवी राणी करतील, केली तर. ते म्हणाले, काकू, दोन घ्या. मी म्हटलं, एकच. मग विचारलं, दाढ बघू का आलाच आहात तर? दोन किडलेल्या निघाल्या.

संध्याकाळी चौकट बसवली. आमच्या जुन्या राणीच्याच पोटची अंडी, म्हणजे यांचीच पेटी. हे मी मनाची समजूत म्हणून लिहीत नाही.

३० मार्च
पेटी उघडली. जरा सरकता का, म्हटलं. कुणी सरकलं नाही.

म्हणून वाकून, श्वास रोखून पाहिलं. पोळ्याच्या मधोमध एक कोठी, नुकती धरलेली. टरफलाएवढीसुद्धा नाही. महिनाभर ह्याच नखाने मोडत होते.

झाकण हळू लावलं. नणंदेचा फोन आला, दिसलं का काही? दिसलं म्हटलं. मग ती म्हणाली, आता काय करणार?

मी म्हटलं, काही नाही. हे मला अजून येत नाही, शिकतेय.