कड्यासमोरची अडीच एकर

आज सकाळी सव्वासात वाजता कड्यावरच्या एकुलत्या एका घरट्यात अंडं असल्याची खात्री वनरक्षक ताईंनी दुर्बिणीतून केली. गिधाडांची इथे आता एवढी एकच जोडी उरली आहे. ही बातमी कळली आणि मी कागद मागवला. माझं वय चौऱ्याहत्तर, यकृत निकामी, डोकं शाबूत. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कुणाच्या दबावाखाली मी हे लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, ती सहा वर्षांपूर्वी वारली.

मी गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होतो. लोक मला सुईवाले काका म्हणतात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलाला. मागच्या खोलीचं छप्पर गळतं, अशी तक्रार त्यानं करू नये. ती मी त्याच्याकडे दहा वर्षं करतो आहे.

२. कात्र्या, चिमटे आणि खूर तासायचा चाकू दवाखान्यातल्या नव्या ड्रेसरला. सुयांचा स्टीलचा डबा कुणालाही देऊ नये, ठोकून चपटा करून भंगारात घालावा. म्हातारं जनावर जायला टेकलं की शेवटचे दोन दिवस त्याला दुखणं थांबवायची सुई टोचायची, ही माझीच पद्धत. जनावर शांत मरे, मालक हात जोडी. मेलेलं जनावर उघड्यावर टाकत, गिधाडं ते खात आणि त्या औषधानं मरत. माना टाकून झाडांवर बसलेली गिधाडं मी वर्षानुवर्षं पाहिली. म्हटलं, असेल साथ.

३. कड्यासमोरची अडीच एकर जमीन आणि तिच्यावरची झोपडी. हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक मुलगी दवाखान्यात येऊन मागेच लागली. मी म्हटलं, "मढी खाणारं पाखरू ते, त्याचं काय कौतुक?" ती म्हणाली, "काका, एकदा दुर्बिणीला डोळा लावा आणि गप्प बसा." बसलो. ऊन चढलं तसा मादीनं पंख उघडला आणि पिल्लावर धरला. ऊन सरकलं की तीही सरके. दोन तास मी तेवढंच पाहिलं.

नवव्या दिवशी ती मादी कड्याखाली मरून पडली. शेजारी ज्या बैलाचा सांगाडा होता, त्याला मीच सुई दिली होती. त्या औषधानंच गिधाडं मरतात, हे त्या मुलीनं तेव्हा सांगितलं. नर एकटा किती आणणार? पिल्लू तीन दिवस कड्याच्या काठाकडे तोंड करून बसलं होतं. चौथ्या दिवशी दिसलं नाही. आधी शेकड्यांनी मेली, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. यांना मी ओळखत होतो.

त्यानंतर नियम केला: असं औषध दिलेल्या जनावराच्या शिंगाला लाल दोरी बांधायची, आणि लाल दोरीचं जनावर पुरायचंच. निवृत्त झाल्यावर ही जमीन घेतली, झोपडी उभारली आणि एकेकाला आणून दुर्बिणीसमोर बसवू लागलो. औषध दुकानदार म्हणायचा, "सुईवाल्याला म्हातारचळ लागलाय." त्यालाही बसवला. दुसऱ्या दिवशी त्या औषधाची खोकी त्यानं फळीवरून काढली. आमचं वैर तिथे मिटलं. माझी छत्री त्यानं अजून परत केलेली नाही, ती मुलानं वसूल करावी.

मुलाला मात्र मी कधीच नेलं नाही. तो म्हणतो, "बाबा, फोटो पाहिलेत मी." नेलं असतं तर त्यानं विचारलं असतं, बाकीची कुठे गेली? सुई देताना त्या बैलाचं दावं त्यानंच धरलं होतं. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

आता खाणवाला जमिनीला चांगला भाव देतो आहे. सुरुंग लागले की जोडी कडा सोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तरीही जमीन मुलालाच देतो. अट एकच: त्यानं आधी एक पूर्ण सकाळ त्या झोपडीत फोन बंद करून बसावं, आणि घरट्यावरचा पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. पहिल्या दिवशी दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी बसावं. तोवर जमीन विकता येणार नाही. नंतर त्यानं विकली, तरी माझी हरकत नाही. वर्षभरात तो बसलाच नाही, तर जमीन वनखात्याला जावी.

४. वनरक्षक ताई साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. ताई म्हणाल्या, "सुटले. तुमची ती झोपडीतली मोडकी खुर्ची माझ्या गळ्यात पडते की काय, अशी धडकीच भरली होती." खुर्ची झोपडीतच राहावी.

५. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. शनिवारी त्या हा कागद मुलाला फोनवर वाचून दाखवतील. त्याच्या रागावण्याची तयारी त्यांनी ठेवली आहे, मीही ठेवली आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) सुईवाले, निवृत्त ड्रेसर

साक्षीदार :
१. (सही) वनरक्षक, कड्याची बीट
२. (सही) औषध दुकानदार. छत्री उद्या आणून देतो.

स्थळ : राहतं घर, मागची खोली
दिनांक : ९ जानेवारी

सहीनंतरची नोंद (वकीलबाई, शनिवारी फोन झाल्यावर) : मुलगा रविवारी सकाळच्या गाडीनं येतो आहे. खाणवाल्याची माणसं सोमवारी दहा वाजता मोजणीला येणार आहेत. दोन्ही वेळा मुलानंच कळवल्या आहेत.