व्हर्ना काउंटरवर काय बोलली

ड्वेन,

मी व्हर्नाला घेऊन पेन्शनच्या ऑफिसात चालले आहे. आपल्या लेकीला, टेसला, शाळेतून तू आण. ओव्हनमधला बटाट्याचा हॉटडिश आल्या आल्या बाहेर काढ, नाहीतर कोळसा होईल. आणि मला फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला की माझा धीर सुटेल.

झालं असं, की तुझी आई गेल्यावर काम संपलं म्हणून व्हर्ना काल पेन्शनचं विचारायला गेली होती. इतकी वर्षं तिने आईंचं हगणंमुतणं काढलं, पण आपण तिला पगार हातात दिला आणि तिच्या नावाचा पेन्शनचा कर कधी भरलाच नाही. त्यामुळे तिथल्या नोंदीत ती सगळी वर्षं कोरी निघाली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "या काळात कुठे कामाला होतात?"

"कुठेच नाही," व्हर्ना म्हणाली, "मी त्या घरचीच आहे."

आपल्याला दंड बसू नये म्हणून, ड्वेन! वर मला हसून सांगते, "घाबरू नकोस गं मार्लिस, तुमचं नावसुद्धा घेतलं नाही मी."

तू म्हणशील, आधी वकिलाला विचारू. दर एप्रिलला कर भरताना आपण हेच म्हणत आलो. तुझ्या बँकेत कळलं तर कळू दे. मी आज सांगणार आहे, की ती आमच्याकडे नोकरीला होती.

व्हर्नाला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतंय, मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय.

मार्लिस