घटाखालची माती

।। श्री तुळजाभवानी प्रसन्न ।।

३० सप्टेंबर, सोमवार
ढोकीहून सामान पोचलं. टेम्पोवाला ३,५०० म्हणत होता, ३,००० वर आला. नवीन घेतलं ते असं : बादली १४०, देवाचा पाट २२०, समृद्धीला वही-पेन्सिल ४५. एक बरणी फुटली, पण रिकामीच होती.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, नळाला पाणी, भाडं नाही. उमरग्याच्या अलीकडं ही बंद पडलेली सूतगिरणी. तिच्या रंगखान्याचं पाणी कित्येक वर्षं जमिनीत मुरलं. आता एक कंपनी ती माती उकरून, पांढऱ्या बॅगांत भरून लांब कुठंतरी नेते. तिथं ह्यांना मुकादमाची नोकरी लागली. आल्याआल्या ह्यांनी बजावलं, तारेच्या आत पाय टाकायचा नाही, त्या मातीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, मला काय मातीचं लोणचं घालायचंय? हे लई हसले. समृद्धीनं पळतपळत घर मोजलं. तिची बावीस पावलं भरलं. सात वर्षांच्या पोरीला एवढं घर पुष्कळ झालं.

२ ऑक्टोबर, बुधवार
शेजारच्या रुद्रम्मामावशींची ओळख झाली. साठी उलटलेली, पूर्वी गिरणीतच कामाला होत्या. बोलणं निम्मं कानडी. माझी मांडणी बघून म्हणाल्या, यव्वा, माणसं तीन आन् डबे चाळीस, लगीन हाय का घरात?

उद्या घट बसायचा. बाजारात घटाखालची काळी माती पिशवीला तीस रुपये! मातीला कुणी पैसे देतं का? माहेरी धाकटा भाऊ भागवत रानातून पाटी भरून आणायचा. इथं ओळखीचं रान नाही. तारेपाशी एका बॅगेतून ढीगभर सांडली होती. मऊ, काळीभोर. ह्यांनी बजावलेलं मनात आलं, पण मग सासूबाईंचं आठवलं, मातीला विटाळ नसतो. आणली, चाळली, गोमूत्र शिंपडलं. ह्यांना विकतची म्हणून सांगितलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार. पहिली माळ
घट बसला. परातीत चार बोटं माती, त्यात पाच धान्यं, मधे घट, वर नारळ. झेंडूची माळ सोडली. मन कसं भरून आलं. हे दुपारी बॅगांच्या गाड्यांबरोबर गेले, दसऱ्याला येतील. मोबाईल एकच, तो त्यांच्याकडं.

५ ऑक्टोबर, शनिवार. तिसरी माळ
धान्य बोटभर वर आलं. इतक्या लवकर कधी येत नाही, देवी पावली म्हणायची. फक्त कोंब निळसर आहेत. मातीवर चार-पाच उंचवटे दिसले, खालून कुणी बोटं टेकवल्यासारखे. समृद्धीला रागावले. ती शपथ घेऊन म्हणाली, मी हात लावला नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार. पाचवी माळ
भर दुपारची गोष्ट. जेवायला हाका मारल्या तरी पोरगी येईना. बघते तर घटापुढं बसलेली, दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत. ओढून काढले, धपाटा घातला. मग लक्षात आलं. माती चार बोटंच आहे. खाली परात, परातीखाली पाट. हात गेले कुठं?

नखं निळी झालीत. साबण, लिंबू, राख, कशानंच जाईना.

म्हणते, आत एक काकू हात धरते. सोड म्हटलं की सोडते, पण रडते.

८ ऑक्टोबर, मंगळवार. सहावी माळ
मावशींना बोलावलं. उंबऱ्यातच थबकल्या, माती कुठली विचारलं. खरं ते सांगितलं. समृद्धीची नखं उजेडात धरून बघितली.

मग गिरणी चालू होती तेव्हाचं सांगितलं. रंगखान्याच्या हौदाची भिंत खचली, चौघीजणी गाळात गेल्या. वरच्या बायकांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. मालकाचा माणूस ओरडला, सोडा, न्हायतर तुमी पण जाताल. सगळ्यांनी सोडले. वरून माती लोटली. मावशींच्या हातात त्या चौघींतल्या हरणाबाईचा हात होता. लई घट्ट धरलं होतं तिनं, म्हणाल्या, म्याच बोटं उकलली.

मी म्हटलं, घट आत्ताच उठवते. मावशी म्हणाल्या, बसलेला घट दसऱ्याआधी हलवतात व्हय? आई कोपंल. पोरीला कोंड चार दिवस.

मलाही तेच वाटलं.

१० ऑक्टोबर. आठवी माळ
पोरीला दुसऱ्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली होती. कडी तशीच. समृद्धी घटापुढं — कोपरापर्यंत आत. ओढलं तर किंचाळली. आतून कुणी ओढत होतं. किती वेळ गेला कळलं नाही. मी पाया पडले, ओटी कबूल केली, तेव्हा सुटली. निळं दंडापर्यंत चढलंय. अंग गार. जेवत नाही.

आई, माती मी आणली. पोरीनं काय केलं होतं —

११ ऑक्टोबर. नववी माळ
घट उठवला. दसऱ्याला थांबले नाही. कोप माझ्यावर कर. घट निघाला, नारळ निघाला, माती — माती हलेना. समृद्धी खांद्यापर्यंत आत. डोळे पांढरे.

मी हात घातला. तळ नाही. बोटं लागली. बाईची. बांगड्यांसकट. म्हटलं, हरणाबाई, मला धर. मी सोडणार नाही. हिला सोड.

सोडलं.

डाव्या हातानं लिहिते. उजवा आत आहे —

भागवत, मावशी पोरीला घेऊन तीनच्या एस.टी.नं तुझ्याकडं निघाल्यात. हे पान त्यांच्याजवळ देते. आधी डॉक्टरला दाखव, माती कुठली ते लपवू नको. तिचा हात रोज उजेडात बघ. निळं उतरतंय का चढतंय, उलट टपाली कळव. उतरत असेल तर मी अशीच धरून राहीन. चढत असेल तर — मग कशाला धरू, मग मी हरणाबाईची बोटं — लवकर कळव रे, आता एकटी नाही, चौघी ओढताय—