वाळ्याची ताटी

रीडिंग,
४ जानेवारी २००९

प्रिय अक्षू,

पत्र घरी न येता तुझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस; सुट्टी असली तरी तू तिथे जात असतेस, म्हणून तिकडे पाठवलं. इकडे सगळे बरे आहेत. अपूर्वचं ऑफिस, चैत्रालीची ट्रेन आणि वीरचं नाक, तिन्ही अखंड चालू आहेत. घरी पाठवलं असतं तर परीक्षितने आधी उघडलं असतं. त्याच्या मनात काही नसतं गं, पण पाकीट दिसलं की त्याला राहवत नाही. आणि फोन केला की जावईबापू स्पीकरवर टाकतात आणि मध्येच मला वाऱ्याची दिशा सांगतात. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय, म्हणून हा खटाटोप.

इथे थंडीने नुसता जीव काढलाय. अपूर्व सकाळी अंधारात गाडीची काच खरवडत असतो, ती खरखर ऐकूनच मला जाग येते. कपडे रेडिएटरवर वाळत घालायचे, आणि वाळतात म्हणजे काय, संध्याकाळपर्यंत कोमट होतात. संध्याकाळी वीर मला कम्प्युटरवर तुमच्या ऑस्ट्रेलियातलं तापमान दाखवतो. "आजी, आत्याचा घर किती हॉट आहे!" म्हणतो. त्याला मजा वाटते. मी दोन स्वेटर घालून तो आकडा बघत बसते आणि मला घाम फुटतो.

नवीन वर्षाच्या फोनवर परीक्षित मला नवा पंप ऐकवायला शेडमध्ये गेला, आठवतं? तेवढ्या वेळात तू मला सांगितलंस की यंदाही त्याचं ठरलंय, वणवा आला तर घर सोडायचं नाही, थांबून घर वाचवायचं. मी विचारलं, आणि तू? तर तू म्हणालीस, "तो थांबला तर मी कशी जाऊ, आई?" तेवढ्यात पंप सुरू झाला आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. तेव्हापासून ते एकच वाक्य माझ्या कानात आहे. पोळ्या लाटताना असतं, बसमध्ये असतं. मी थकले गं त्या वाक्याने.

परीक्षितला मी वाईट म्हणत नाही, हे आधी ऐकून घे. इथल्या त्या ओलसर घरात आठ हिवाळे काढले त्याने. भिंतीवर बुरशी, खिडकीवर थेंब, आणि हा खिडकीशी उभा राहून म्हणायचा की सूर्य नावाचं काहीतरी असतं असं लहानपणी ऐकलं होतं. मग तुम्ही तिकडे गेलात, डोंगरावर जमीन घेतली, आणि त्याने सुट्ट्या टाकून स्वतःच्या हाताने व्हरांडा बांधला. त्या घरावर त्याचा जीव आहे. माणूस असं घर सोडून सहजासहजी उठत नाही, मला कळतं. पण त्याचं ते एक पालुपद आहे ना, "आई, तुम्ही कायले घाबरता? नागपूरचा उन्हाळा पाहिलेला माणूस आहे मी," ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. नागपूरचं ऊन डोक्यावर येऊन बसतं. तुमच्याकडचं डोंगर उतरून दारात येतं. हा फरक त्या शहाण्याला कोण सांगणार?

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुमच्याकडे उन्हाळ्याला आले, तेव्हा त्याने काय थाट केला होता! आल्या आल्या माझ्या पर्समध्ये कांदा घातला, ऊन लागू नये म्हणून. मेलबर्नला जाऊन कैऱ्या आणल्या, पातेलंभर पन्हं केलं. आणि व्हरांड्याला चारी बाजूंनी वाळ्याच्या ताट्या! नागपूरहून मागवलेल्या, त्यावर दिवसभर पाणी शिंपडायचं, आणि काय तो वास. शेजारची मार्गारेट बघायला आली. ह्याने तिला अभिमानाने सगळं समजावून सांगितलं. ती वास छान आहे म्हणाली, मग एकदा ताटीकडे बघितलं, एकदा मागच्या झाडांकडे बघितलं, आणि चहा न पिता गेली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. गवतच ते शेवटी. ओलं आहे तोवर वाळा, सुकलं की सरपण.

तो उन्हाळा मला आगीपेक्षा वाट बघण्याने जास्त थकवून गेला. सकाळी उठलं की आधी रेडिओ. मग वारा कुठून सुटलाय ते बघायचं. उत्तरेचा, तापलेला असला की तू गाडीची किल्ली खिशात टाकायचीस. पन्हळीतली पानं काढायची, बाथटब भरून ठेवायचा, अंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडांना घालायचं, गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची. आगीची धग अडवायला लोकरीची ब्लँकेटं भर उन्हाळ्यात दाराशी. दोरीवरचे कपडे काढले तर त्यांवर राख, उशीला धुराचा वास, आणि आग म्हणे अजून दोन डोंगरांपलीकडे. संध्याकाळी वारा पडला की आपण तिघं रेडिओ चालू ठेवूनच जेवायचो. उद्या पुन्हा तेच.

आणि तो एक दिवस तर रेडिओवर वणव्याच्या दृष्टीने वाईट म्हणून जाहीरही झाला नव्हता. तू शाळेत, परीक्षित छपरावर. दुपारी वीज गेली, पंप बंद पडला, ताट्या तासाभरात कडकडीत सुकल्या. वाऱ्यावर कुठूनतरी एक निखारा आला, सुपारीएवढा असेल, आणि ताटीत अडकला. मी बघतच राहिले. आधी नुसता धूर, मग ताटी भरकन वर पेटली. हाताशी पन्ह्याचं पातेलं होतं, ते उचललं आणि ओतलं. विझली. परीक्षित खाली उतरेपर्यंत व्हरांडाभर गूळ आणि वेलदोडा. त्याने उरलेल्या ताट्या खाली ओढून काढल्या, त्याचाही चेहरा पांढरा पडला होता. पण महिन्याभरात त्याची गोष्ट झाली. सासूबाईंनी पन्ह्याने वणवा विझवला! मराठी मंडळात सांगितली, ऑफिसात इंग्रजीत सांगितली, इकडे अपूर्वला फोनवर सांगितली. सगळे हसले, मीही हसले. आणि दर वेळी सांगताना त्याची हिंमत थोडी वाढत गेली. बघा, निभावलं ना आपण, म्हणतो.

अक्षू, काहीही निभावलं नव्हतं. ताटी विझल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन त्या भरलेल्या टबाच्या काठावर बसले, आतून कडी लावली आणि वारा पडेपर्यंत बाहेर आले नाही. तू आल्यावर तुला मी गुळाचे डाग कसे निघतील ते विचारलं. इथे परत आले, नोव्हेंबरात चैत्रालीने बॉनफायर नाइटच्या त्या होळीला पार्कमध्ये नेलं, आणि धुराचा वास आल्याबरोबर मी वीरचा हात धरून गर्दीतून उलटी चालायला लागले. तो बिचारा रडायला लागला. घरी येऊन मी जाहीर केलं की गुडघे फार दुखतात, आता काही माझ्याने ऑस्ट्रेलियाचा प्रवास होणार नाही. गुडघे म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

तुला गावच्या हॉलमधली ती मीटिंग आठवते? अग्निशमन दलाची माणसं म्हणाली, थांबायचं की जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण जायचं तर सकाळीच जा, आग दिसल्यावर निघू नका. घरात लहान मुलं, आजारी किंवा म्हातारी माणसं असतील तर वाईट दिवशी थांबूच नका. म्हाताऱ्यांचं नाव निघाल्यावर अख्खा हॉल माझ्याकडे वळला. साडीत मी एकटीच. आणि त्या उन्हाळ्यात जितके दिवस वाईट म्हणून जाहीर झाले, तितके दिवस परीक्षित कुरकुर न करता आपल्याला गाडीत घालून शहरातल्या लायब्ररीत घेऊन गेला. "आई घरात आहेत," एवढंच म्हणायचा. दिवसभर एसीत बसून त्याने क्रिकेटची मासिकं वाचली. भ्याला असं कोणी म्हणालं नाही, आणि त्यालाही तसं वाटलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मी नव्हते, तर तुम्ही एक दिवससुद्धा घर सोडलं नाहीत. हे मी तुझ्याकडूनच काढून घेतलंय. त्या माणसांनी सांगितलेल्यातलं आता कोणीच तुमच्या घरात नाही. लहान मूल नाही. मी हे कसं लिहितेय ते तुझं तुला कळेल. तो विषय मी कधी काढला नाही आणि आजही काढत नाही.

म्हणून मी येतेय. अपूर्व चिडला, "तूच म्हणालीस ना गुडघे दुखतात, आता या वयात एवढा प्रवास?" पण शेवटी त्यानेच तिकीट काढलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पोचते. परीक्षितला सांग, आईंना थंडी सोसत नाही, म्हणून येताहेत. माझी अजिबात इच्छा नाही गं. मला त्या वाऱ्याची, त्या रेडिओची भीती वाटते, आणि आता भ्यायचाही कंटाळा आलाय. पण घरात म्हातारी असली की तो निघतो, हे मी बघितलंय. आणि समजा नाहीच निघाला, तरी नवऱ्याला सोडून तू निघणार नाहीस तशी आईला एकटीला गाडीत बसवूनही तू मागे राहणार नाहीस. तुला मी कात्रीत धरतेय, हे मला कळतंय. धरू दे. बाकी काही करू नकोस, फक्त वाईट दिवस जाहीर झाला की आदल्या रात्रीच त्याच्या कानावर घाल, आईंचे गुडघे आखडतात, त्यांना गाडीत बसायला वेळ लागतो, आपल्याला सकाळीच निघावं लागेल.

तुझीच,
आई