संशोधनाला स्थळ मिळालं

ती. आईस,

तुला नमस्कार, बाबांना वेगळा. मी खुशाल आहे, वेळेवर जेवते.

तू विचारतेस, ऑफिसात दिवसभर करतेस तरी काय? अगं, तू ताईसाठी स्थळं शोधलीस, तशा मी इथल्या डॉक्टरांच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्था शोधते. एकीला तरुणच संशोधक हवा, दुसरीला अनुभवीच. नकार तर ताईपेक्षा जास्त पचवलेत.

या आठवड्यात एक जुळलं. हातांच्या कंपावर औषध शोधायला निधी मिळाला. प्रत्यक्ष औषध यायला वर्षं लागतील, खोटं कशाला सांगू.

तुझी पत्रं हल्ली बाबांच्या अक्षरात येतात. हात फार थरथरतो का गं? तरी पुढचं तूच लिही. लहानपणी माझे कोंबडीचे पाय तू वाचायचीस ना? आता मी वाचेन.

तुझीच,
धाकटी