कोरडी जागा

शुक्रवार, १९ जुलै

पोचलो एकदाचे! खालापूरहून तासाभरावरच्या धरणात इतकं झकास बेट असेल असं वाटलं नव्हतं. चारी बाजूंनी पाणी, मधे टेकडी आणि काठाला आमचा तंबू. तो उभा करायला जितेशने दोन तास लावले. नवरा इंजिनीअर असल्याचे फायदे, दुसरं काय! होडीवाला पोशा सोमवारी न्यायला येईल. जाता जाता म्हणाला, "पानी वाढलं तं तंबू वर सरकवा. पन टेकडीवरच्या घरात जाऊ नका. भिजलात तरी चालंल." फुकटचा सल्ला द्यायला याचं काय जातं?

शनिवार, २० जुलै

सकाळी वाऱ्याने तंबू थेट पाण्यात नेला. अंगावर एक धागा कोरडा नव्हता. जितेश नको नको म्हणत होता, पण मी त्याला ओढतच टेकडीवरच्या घरात आणलं. मातीच्या जाड भिंती, शाकारलेली कौलं, चूल पेटलेली आणि दोन घोंगड्या अंथरलेल्या! हाका मारल्या, कुणीच नाही.

आगोठीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मात्र जय्यत तयारी आहे. सरपण छपरापर्यंत रचलंय, खड्या मिठाची चार पिंपं आहेत, चुलीच्या वर धुरात वाळवायला बांबूचा माळा आहे. कुंभिवलीला माझी आई पावसाळ्यासाठी अशीच सुकी मासळी, मिरच्या, कडधान्यं भरून ठेवायची. इथे फक्त भरायचं सामानच नाही. विसरला असेल बिचारा मालक. आला की माफी मागू.

पाय शेकत बसलेय. किती दिवसांनी इतकं बरं वाटतंय.

रविवार, २१ जुलै

जाग आली तर दहा वाजलेले. ओठ खारट. पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या तरी घसा कोरडाच. चुलीत कुणी लाकूड घातलं नाही, तरी जाळ तेवढाच आहे.

दुपारी पाठीवर झोपले होते, उठले ती पोटावर. जितेशही पालथा. आई मासळी दुपारी अशीच उलटायची, दोन्हीकडून सारखी वाळावी म्हणून. आधी हसू आलं. मग जितेशला हलवून हलवून उठवलं.

सोमवार, २२ जुलै

होडी नाही. एवढ्या पावसात येणारही नाही.

मीठ आमच्या अंगावर आहे. केसांत, कानांत. दोन पिंपं अर्धी झालीत. जितेशच्या हाताला चिमटा काढला तर कातडी तशीच उभी राहिली. म्हटलं, ऊठ, निघू. तर म्हणतो, "जरा वेळ पडू दे गं. बाहेर ओलं आहे."

मालक विसरलेला नाही. तो घरातच आहे, आणि भरायचं सामान मीच चालत आणून दिलंय. जितेश नको म्हणत होता. भीती वाटते, त्याहून जास्त लाज वाटते.

मंगळवार

जितेश माळ्यावर आहे. मी नाही चढवलं त्याला — मला उचलवलाच नसता. आता उचलवेल, इतका वाळलाय. एका हाताने.

डोळे हलतात. जिवंत आहे.

मंगळवार, दुपार

रांगत बाहेर गेले. दार उघडंच होतं. पावसात तोंड वासून पडून राहिले — बोटं पुन्हा वळायला लागली, आवाज परत आला. पलीकडच्या काठावर माणसं दिसली. हाक पोचली असती.

आतून जितेश म्हणाला, पाणी.

ओंजळ भरून घेतली —

ओंजळ उंबऱ्यातच सुकली. आत पाऊल टाकताच मागे दार लागलं. बाहेरून कडी नाही, आतूनही नाही, तरी —

माळ्यावर त्याच्या शेजारी एका माणसाची जागा पुसून ठेवलीय.

जितेश बघतोय. रडतोय, पण डोळ्यांत —

कुणीतरी मीठ चोळतंय. आधी पायांना. हळूच, नीट, आई चोळायची तसं. आता हा हात —